मेकरस्पेस, शालेय ग्रंथालयातील

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांशेजारी हत्यारे, सुटे भाग आणि कागद-पुठ्ठ्यासारखे सामान ठेवून मुलांना हवी ती वस्तू स्वतः बनवू देण्याची सोय. स्वतंत्र खोली असतेच असे नाही. पुष्कळदा एक लांब टेबल आणि चाकांची गाडी एवढाच पसारा असतो.

२००५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘मेक’ नियतकालिकाच्या वर्तुळातून आलेली ही संज्ञा साधारणपणे २०११ नंतर रूढ झाली. तिच्या आधीच्या ‘हॅकरस्पेस’ (संगणकप्रेमींची सामायिक कामाची जागा) व ‘फॅब लॅब’ (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा) या संज्ञा आजही कधी कधी याच अर्थाने वापरल्या जातात.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक या प्रथेचे मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या बालशिक्षणात शोधतात. मात्र फ्रोबेलच्या लाकडी ठोकळ्यांना ठरावीक क्रम होता; ग्रंथालयातल्या टेबलावर काय बनेल हे आधी ठरलेले नसते. दुसरे मत अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील नील गर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबकडे बोट दाखवते. पहिली फॅब लॅब कोणती, यावरही एकमत नाही: कोणी बोस्टनच्या साउथ एंडमधील केंद्राला (२००३) हा मान देतात, तर कोणी पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाला (२००२). हा आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केला होता आणि ‘हाताने काम करत शिकणे’ हा त्याचा पायाच होता. त्यामुळे कालक्रम व वृत्ती या दोन्ही दृष्टींनी पाबळचे पारडे जड वाटते. तिसरे मत हे मूळ गणितज्ञ व शिक्षणविचारक सीमोर पेपर्ट यांच्या विचारांत शोधते. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या पेपर्ट यांनी असे मांडले की, दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू घडवताना मूल सर्वांत चांगले शिकते. १९६७ ची ‘लोगो’ ही संगणकभाषा याच विचारातून घडली. ग्रंथालयाला हे तिसरे मत अधिक लागू पडते, कारण तिथे बनलेली वस्तू, पुस्तकासारखीच, दुसऱ्याच्या हाती जाण्यासाठी असते.

न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाचा २०११ चा उपक्रम या क्षेत्रातला आरंभीचा मानला जातो. अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांच्या २०१८ च्या मानकांत ‘खुडबूड करणे आणि बनवणे’ याचा स्पष्ट उल्लेख आहे.

त्रिमितीय छपाईयंत्राचा बोलबाला जास्त असला, तरी ग्रंथालयाला खरा शोभतो तो कागदी विद्युतमंडलाचा प्रयोग. मूल आवडत्या गोष्टीतले एक चित्र काढते, पानामागे तांब्याची चिकटपट्टी लावते, तीन व्होल्टचा बटनसेल आणि एलईडी हा छोटा दिवा बसवते आणि चित्रातला कंदील पेटतो. एलईडीचा लांब पाय धन टोकाला लागतो. कोपऱ्यावर पट्टी कापायची नसते, दुमडायची असते. कापलेल्या तुकड्यांमधल्या गोंदातून वीज नीट जाईलच असे नाही. एकाच सेलवर लाल आणि पांढरा एलईडी समांतर जोडले तर लाल पेटतो, पांढरा बहुधा अंधारातच राहतो. लालला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला सुमारे तीन लागतात. लाल दिवा सेलचा विद्युतदाब खाली ओढतो. ‘सेल खराब आहे’ असे म्हणणारे मूल दिवे अदलाबदल करून पाहते आणि मग वीज या विषयावरचे पुस्तक स्वतःहून मागते.

भारतात ही वाट कमी खर्चाच्या वस्तूंनी आधीच तयार केली होती. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी जोडलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून सांगाडे बनवण्याची रीत रुजवली. चौकोन बोटाने दाबताच कलंडतो, त्रिकोण ताठ राहतो. पुढे पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ही खेळणी शाळाशाळांत पोचली. २०१६ पासूनच्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब (शाळेतील वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळा) सहावी ते बारावीसाठी आहेत; त्यांना सहसा वेगळी खोली मिळते.

मांडणीत सामानाची पेटी त्या विषयाच्या पुस्तकांजवळ ठेवणे उत्तम: घडीचे कागद ड्यूई वर्गीकरणातल्या (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीतल्या) ७३६.९८ शेजारी, तारा आणि सेल ६२१.३ शेजारी. बनलेल्या वस्तूवर मुलाचे नाव व तारीख लिहून ती त्याच फळीवर काही दिवस ठेवतात.