आइसलँडचे पारंपरिक विणकाम

आइसलँडमध्ये सोळाव्या शतकापासून घरोघरी चालत आलेले लोकरीचे सुयांवरील विणकाम. त्याचे नमुने मुख्यतः रेक्याविक येथील राष्ट्रीय संग्रहालय (स्थापना १८६३), ब्लोन्दुओस येथील वस्त्र संग्रहालय आणि स्कोगार येथील लोकसंग्रहालय यांत जतन केलेले आहेत. गळ्याभोवती गोलाकार नक्षी असलेला ‘लोपापेइसा’ हा स्वेटर म्हणजेच ही परंपरा, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो स्वेटर विसाव्या शतकाच्या मध्याचा आहे.

उगम : नवव्या-दहाव्या शतकांत आलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) वसाहतकारांना सुयांवरील विणकाम ठाऊक नव्हते. त्यांच्याकडे दगडी वजने टांगलेला उभा माग होता. शिवाय एकाच जाड सुईने फासातून फास ओवण्याची एक प्राचीन पद्धतही होती. आर्न्हेइदारस्तादिर येथे १८८९ मध्ये सापडलेला, बहुधा दहाव्या शतकातील हातमोजा या पद्धतीचा आहे. वरवर पाहता तो विणलेला वाटतो, आणि तसे मानले तर आइसलँडमधील विणकामाचा काळ पाच-सहा शतके मागे जातो. दोन्हींतील फरक धाग्यात आहे. विणकामात अखंड धाग्याचा फास आधीच्या फासातून ओढून घेतात, म्हणून सुटे टोक ओढले की वीण उसवते. एका सुईच्या कामात प्रत्येक फासातून सगळा धागा पार न्यावा लागतो. त्यामुळे धागा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो आणि वीण सहज उसवत नाही.

सुयांवर विणलेला सर्वांत जुना ज्ञात नमुना म्हणजे स्टोराबोर्ग येथील साधा हातमोजा. दक्षिण किनाऱ्यावरील हे शेतघराचे स्थळ समुद्र गिळत चालल्यामुळे तेथे १९७८ पासून उत्खनन झाले. हातमोजा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावा. ही कला इंग्रज, जर्मन वा डच व्यापाऱ्यांमार्फत आली, असे राष्ट्रीय संग्रहालयातील वस्त्र-अभ्यासक एल्सा ई. गुद्योन्सॉन (१९२४–२०१०) यांचे मत होते. त्या शतकातील हँबुर्गच्या व्यापाऱ्यांचे वजन पाहता काहींचा कल जर्मन मार्गाकडे जातो. तथापि केवळ वस्तूवरून शिकवणारा कोण हे ओळखता येत नाही. एकाहून अधिक बंदरांतून ही कला आली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रसार : मागाच्या मानाने सुया स्वस्त व सोबत नेता येण्याजोग्या होत्या. हिवाळ्यातील लांब संध्याकाळी एक जण मोठ्याने वाचून दाखवी आणि स्त्रिया, पुरुष व मुले लोकरीचे काम करीत. डॅनिश व्यापारी मक्तेदारीच्या काळात (१६०२–१७८७) मोजे ही मोठी निर्यात होती. १६२४ मध्ये पायमोज्यांचे ७२,००० हून अधिक व हातमोज्यांचे १२,००० हून अधिक जोड परदेशी गेल्याची नोंद दिली जाते. संग्रहालयांत या प्रचंड उत्पादनाचे प्रतिबिंब फारसे दिसत नाही. रोजच्या वापराचे ते झिजून गेले. टिकले ते मुख्यतः सणासुदीचे, नक्षीचे आणि भेटीदाखल दिलेले. संग्रह पाहताना हा असमतोल सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नमुने : आइसलँडच्या मेंढीची लोकर दुपदरी असते. बाहेरचे लांब, राठ केस ‘तोग’ आणि आतील मऊ लोकर ‘थेल’. नाजूक त्रिकोणी शाली थेलच्या बारीक सुताच्या असत. मच्छीमारांचे हातमोजे जाड, ओले चोळून घट्ट केलेले व दोन अंगठ्यांचे असत. तळव्याची बाजू झिजली की मोजा फिरवून घालीत. पश्चिमेकडील फ्योर्ड (जमिनीत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे) प्रदेशातील हातमोज्यांवर वेलपानांचे रंगीत पट्टे दिसतात. ‘पेइसुफोत’ या स्त्रीवेशातील काळे जाकीट प्रारंभी अतिशय बारीक सुयांवर विणलेले असे.

सर्वांत लक्षणीय म्हणजे ‘लेप्पार’, कातडी पादत्राणांत घालावयाचे विणलेले तळ. पायाखाली दडणाऱ्या या वस्तूवर आठ पाकळ्यांचे गुलाब विणण्याइतका जीव ओतलेला आहे. प्रत्येक ओळ सुलट टाक्यांची, आणि प्रत्येक रंगासाठी लोकरीचा वेगळा गुंडा. अशा विणीत एका टाक्याची रुंदी साधारण दोन ओळींच्या उंचीइतकी भरते. म्हणून एक टाका व दोन ओळी मिळून चौकोन होतो आणि भरतकामाच्या चौकटीच्या कागदावरील नक्षी न विस्कटता उतरते. ‘स्योनाबोक’ या हस्तलिखित नक्षीवह्यांतील आकृत्यांशी तिचे साम्य त्यामुळेच आहे. या वह्यांतील नमुन्यांचे संकलन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्लोन्दुओसच्या संग्रहालयात हाल्दोरा ब्यार्नादोत्तिर (१८७३–१९८१) यांचा संग्रह स्वतंत्र दालनात आहे. ह्लीन या वार्षिकाद्वारे त्यांनी घरगुती हस्तव्यवसायांचा दीर्घकाळ पुरस्कार केला.

लोपापेइसा : न कातलेल्या ‘लोपी’ लोकरीचा वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढला. गोल नक्षीचे मूळ ग्रीनलँडच्या स्त्रियांच्या मण्यांच्या गळपट्टीत, तसेच स्वीडनच्या बोहुस विणकामात शोधले जाते; अनेक प्रभावांचा संयोग हे मत आता अधिक मान्य आहे. ‘इस्लेन्स्क लोपापेइसा’ या नावाला २०२० मध्ये आइसलँडमध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले.