मांजराच्या वाटीतली आठ आठवड्यांची तपासणी

"मांजर आहे, ओकायचंच." मांजर पाळणाऱ्या घरांत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, की ते खरं आहे का हे कुणी तपासून बघत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरचा फ्लॅट असो की पंचवटीतला जुना वाडा, फरशीवरची उलटी पुसायची, "केसांचा गोळा असेल" म्हणायचं आणि कामाला लागायचं. क्वचित कधीतरी केस उलटून पडले तर घाबरायचं कारण नाही. पण दर आठवड्याला उलटी, मधूनच पातळ शी, खाणं नेहमीसारखं असूनही पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागणं, असं तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो मांजराचा स्वभाव नाही. आतड्याचा जुनाट आजार आहे असं धरूनच पुढे जायला हवं.

पहिल्यांदा बाकीच्या शक्यता दूर कराव्या लागतात. शी तपासून जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी, रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत, वय झालेल्या मांजरात थायरॉइड, आणि पोटाची सोनोग्राफी. यात काही सापडलं नाही तर मुख्यतः तीन संशयित उरतात: अन्नाची ॲलर्जी, आतड्याचा दाह, आणि सावकाश वाढणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. तीच उलटी, तेच जुलाब, तेच घटणारं वजन. यातला पहिला केवळ खाणं बदलून आटोक्यात येतो, म्हणून मांजर फार खालावलेलं नसेल तर शोध तिथूनच सुरू करतात.

ॲलर्जी म्हटलं की लोक आठवतात ते गेल्या आठवड्यात आणलेलं नवं पाकीट. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या प्रथिनाचा. आतड्याच्या भिंतीत शरीराची मोठी संरक्षक फौज असते आणि रोजच्या अन्नातल्या प्रथिनांकडे दुर्लक्ष करायला ती शिकलेली असते. हे शिक्षण कुठेतरी बिघडतं, एखादं प्रथिन शत्रू ठरतं, आणि मग ते प्रत्येक घासाबरोबर येत राहतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या ७८ मांजरांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. १८ टक्के मांजरांना गोमांस बाधत होतं, १७ टक्क्यांना मासे, ५ टक्क्यांना चिकन. गहू, मका आणि दुधाचे पदार्थ प्रत्येकी ४ टक्के. ही टक्केवारी जशीच्या तशी नाशिकला लावता येणार नाही, कारण मांजराला बाधतं ते मांजर जे खातं त्यातलंच. आपल्याकडे घरचं उकडलेलं चिकन, कोरड्या खाद्यातही चिकन आणि पाऊचमध्ये मासे, असा बेत असतो. तेव्हा पहिला संशय या दोघांवरच घ्यावा. "पण तिला मासे किती आवडतात!" हे खरंच आहे. आवडण्याचा आणि मानवण्याचा मात्र इथे काही संबंध नाही. 'ग्रेन-फ्री' लिहिलेलं महागडं पाकीट आणूनही फार साधत नाही. धान्य गेलं तरी चिकन तिथेच असतं.

दुधाची गोष्ट थोडी वेगळी. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर त्याच्या आतड्यात कमी होत जातं. म्हणून बऱ्याच मोठ्या मांजरांना बशीभर दुधाने जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे, पण आधीच बिघडलेल्या पोटात भर नक्कीच पडते.

मग ॲलर्जी ओळखायची कशी? रक्ताची चाचणी मिळते, पण मांजरांच्या अन्न-ॲलर्जीसाठी ती भरवशाची नाही. केस किंवा लाळ पाठवून होणाऱ्या चाचण्यांबद्दल तर मी स्पष्टच सांगेन: पैसे घालवू नका. कुत्र्यांसाठीच्या अशा एका चाचणीला संशोधकांनी खेळण्यातल्या प्राण्याची कृत्रिम फर आणि साधं पाणी पाठवून पाहिलं होतं; २०१९ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्या नमुन्यांनाही ॲलर्जी निघाली. खात्रीची तपासणी एकच आहे आणि ती घरीच होते: मांजराने कधीच न खाल्लेलं प्रथिन, फक्त तेच, सलग काही आठवडे.

यासाठी दोन वाटा आहेत. एक, डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. या खाद्यात ती इतक्या बारीक तुकड्यांत तोडलेली असते की शरीराच्या संरक्षक पेशींना ओळखीची माळ दिसतच नाही. दुसरी वाट नव्या मांसाची. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, आणि बरीच घरमांजरं फक्त चिकनवर वाढलेली असतात; त्यांच्यासाठी साधं उकडलेलं मटण हे नवं प्रथिन ठरू शकतं. शिजवताना कांदा-लसूण अजिबात नको. आपला जिल्हा लासलगावच्या कांद्याचा, आपल्या रश्श्याला कांद्याशिवाय चव नाही. पण कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि रक्तक्षय होतो. रश्श्यातले तुकडे धुऊन देणंही चालत नाही.

नुसतं मांस महिनोन्‌महिने पुरत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यात कॅल्शियम फारच कमी असतं, आणि शिजवलेलं पाणी फेकलं की टॉरिन हा मांसातून मिळणारा गरजेचा घटकही जातो. मांजराला टॉरिन शरीरात पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू ढिले पडतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. घरचंच द्यायचं असेल तर पूरक घटकांचं माप डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

पोटाची लक्षणं बहुधा दोन ते चार आठवड्यांत उतरतात. सोबत मान-तोंडाला खाज असेल तर कातडीला वेळ लागतो. आठ आठवडे धरले तर दहातल्या नऊहून जास्त मांजरांचा निकाल लागतो. पण ते आठ आठवडे निर्भेळ हवेत, आणि घोडं अडतं ते इथेच. इंदिरानगरातल्या एखाद्या सोसायटीत मांजराला किती घरं असतात ते आठवा. आजी जेवताना दहीभाताचा घास खाली ठेवतात. खालच्या मजल्यावर कुत्र्याची वाटी उघडी असते. समोरच्या मावशी पोळीला तूप लावून हाक मारतात. त्यांना "खायला घालू नका" एवढंच सांगितलं तर वाईट वाटतं आणि "एवढ्याशाने काय होतंय" असं उत्तर मिळतं. "मावशी, डॉक्टरांनी मनीला पथ्य दिलंय, दोन महिने फक्त तिचंच खाणं. लाड करायचेच असतील तर ही डबी तुमच्याकडे ठेवा," असं म्हणून तिच्या खाद्याची डबीच त्यांच्या हातात द्यावी. पथ्य म्हटलं की आपली माणसं पाळतात. मनीला शक्यतो घरातच ठेवावं, आणि जंताची चिकनच्या चवीची गोळी याच काळात घरात येणार नाही असं बघावं.

लक्षणं थांबली की सगळ्यांना तिथेच थांबावंसं वाटतं. तरी जुनं खाणं परत देऊन पाहायला हवं. दोन आठवड्यांच्या आत उलटी परतली तर ॲलर्जी पक्की. नाही परतली तर मांजर दुसऱ्याच कारणाने सुधारलं होतं, आणि आयुष्यभर महागडं पथ्य कशाला? त्रास परतला तर नव्या खाण्यावर यायचं, पोट शांत झालं की एकेक प्रथिन दोन-दोन आठवडे देऊन चालणाऱ्या पदार्थांची यादी करायची.

एका बाबतीत मात्र हट्ट नको. "भूक लागली की खाईल" हा न्याय मांजराला लावू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते जाड असलं, तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडू लागतं. बदल सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून करावा. आठ आठवड्यांची मोजणी जुनं पूर्ण सुटल्यावर सुरू करायची. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत फ्रिजमधून काढलेल्या खाण्याला वासच नसतो आणि मांजर वासावर जेवतं. वाटी कोमट पाण्यात ठेवून मग द्यावी. एक दिवस तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करावा.

जुनाट आजारात बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगा. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी लागणारं सहायक प्रथिन मांजरात स्वादुपिंडातून येतं. आतडं सुजलं किंवा स्वादुपिंड थकलं की बी-१२ घटतं, आणि ते कमी असेपर्यंत बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. इंजेक्शन बहुधा आठवड्याला एक असं सहा आठवडे देतात.

वजनाची वही ठेवा. बाळांच्या वजनकाट्यावर दर रविवारी वजन करायचं. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम घटलं तर शरीराचा दहावा भाग गेला. डोळ्यांना, विशेषतः लांब केसांच्या मांजरात, तो दिसतही नाही.

पथ्य नीट पाळूनही फरक नसेल तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. दाह निघाला तर प्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड देतात. घरातली माणसांची औषधं मात्र मांजराला कधीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. सावकाश वाढणारा लिम्फोमा निघाला तरी हातपाय गाळू नयेत. प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल हे कर्करोगाचं औषध, या तोंडावाटे देण्याच्या गोळ्यांवर बरीच मांजरं दोन वर्षं आणि त्याहून जास्तही खाऊन-पिऊन, उन्हात लोळत काढतात. फक्त क्लोरॅम्ब्युसिल हातमोजे घालूनच द्यायची, ती तोडायची नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करायचं.