जांभई एक, हालचाली दोन

ऑपेराचं गाणं शिकायला बसलं की 'जांभई देतोय असं समजून गा' ही सूचना लवकरच कानावर पडते. सूचना चुकीची नाही, पण घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. जांभईत तोंडातली मागची मऊ टाळू वर जाते आणि त्याच क्षणी स्वरयंत्र खाली उतरतं. दोन्ही एकदम घडल्यामुळे 'घसा उघडणं' ही एकच गोष्ट असावी, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात टाळू उचलणारे स्नायू कवटीच्या तळापासून खाली आलेले असतात, आणि स्वरयंत्र खाली ओढणारे छातीच्या हाडापासून वर गेलेले.

टाळू म्हणजे नाकाकडचं दार. 'अंग' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. अनुस्वारावर हवा नाकातून जाते. 'ग'ला जीभ तिथेच राहते, टाळू तेवढी सरकून नाकाची वाट बंद करते. 'आ' लांबवताना मध्येच नाकपुड्या चिमटीत धराव्यात; आवाज बदलला तर दार उघडं आहे. उघडं राहिलं की नाकाच्या पोकळीत काही कंपनं जिरतात आणि स्वर बोथट होतो. (काही मुरलेले ऑपेरा गायकही काही स्वरांवर बारीक फट ठेवतात, तेव्हा याचा अतिरेकी धाक नको.)

स्वरयंत्राचा परिणाम नाकाशी संबंधित नाहीच. घाटीवर, म्हणजे गळ्यावर पुढे येणाऱ्या स्वरयंत्राच्या उंचवट्यावर, बोट ठेवून आवंढा गिळा, ती वर जाते, जांभईत खाली. खाली गेली की स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी लांबते आणि आवाज गडद होतो. 1837 साली पॅरिसमध्ये जिल्बेर द्युप्रे या गायकाने तारसप्तकातला 'सी' हा पाश्चात्त्य स्वर छातीच्या, म्हणजे पातळ न करता भरदार, आवाजात लावला, तेव्हा लोक चक्रावले. 1840 मध्ये ल्योंच्या दिदे आणि पेत्रेकँ या दोन डॉक्टरांनी अशा गडद आवाजात स्वरयंत्र खालीच स्थिर राहतं, अशी नोंद केली.

पण नुसत्या गडदपणाने वाद्यवृंद भेदता येत नाही. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी दाखवलं, की स्वरयंत्र खाली असून घसा रुंद आणि स्वरयंत्राचं तोंड त्या मानाने अरुंद राहिलं, तर 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजात जोर एकवटतो. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास, वर तो ओसरत जातो. त्यामुळे मायक्रोफोन नसताना एकटा माणूस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

नवशिके इथेच फसतात. घाटी खाली न्यायची म्हणून जिभेचं मूळ दाबतात. मग उकडीचा गोळा घशात अडकल्यासारखा आवाज येतो. जर्मन लोकांनी या दोषाला 'क्न्योडेल्न' असं नावच दिलंय. क्न्योडेल म्हणजे उकडलेला गोळाच! टाळू कितीही उचलली तरी तो दोष जात नाही, कारण बिघाड तिथे नाहीच. ख्यालात हा रुंद, गडद आवाज मुळात कुणी मागत नाही, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ऑपेराची ही सूचना जशीच्या तशी उचलू नये.

दोन्ही हालचाली वेगळ्या करून पाहायच्या असतील तर खोल श्वास घेऊन ओठ मिटा आणि खालच्या पट्टीत 'म' गुणगुणा: घाटी खाली, पण नाकाचं दार उघडं. आता लहान मुलाच्या बारीक आवाजात 'ई' म्हणा: दार बंद, घाटी वर.