‘होगन्स हिरोज’ छळछावणीत घडत नाही

‘ज्यूंच्या छळछावणीवर विनोदी मालिका काढली’, हा ‘होगन्स हिरोज’वरचा आरोप अजूनही फिरतो. सीबीएस या वाहिनीवर 1965 ते 1971 दरम्यान 168 भाग दाखवलेली ही अमेरिकन मालिका घडते ती दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत. नाव स्टालाग 13, ताबा जर्मन हवाई दलाकडे.

फरक नुसत्या नावाचा नाही. पकडलेल्या अमेरिकी, ब्रिटिश सैनिकांना 1929च्या जिनिव्हा कराराचं संरक्षण होतं: रेड क्रॉसची पार्सलं, घरची पत्रं, अधिकाऱ्यांना सक्तीचं काम नाही. छळछावण्या एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या हाती होत्या. तिथे असा कोणताही करार लागू नव्हता.

हा फरक संचातल्या माणसांना कुणी शिकवायची गरज नव्हती. लबो या फ्रेंच कैद्याचं काम करणारे रॉबर्ट क्लॅरी स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचले होते. छावणीप्रमुख क्लिंक, शुल्त्स, बुर्कहाल्टर, होखस्टेटर या चारही जर्मनांच्या भूमिका ज्यू नटांनी केल्या. क्लिंक झालेले वेर्नर क्लेम्पेरर नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेल्या घरातले. त्यांनी अट घातली होती की क्लिंक कधीही जिंकता कामा नये. म्हणून तो एकचष्मा सावरत दरवेळी तोंडघशीच पडतो.

मालिकेत खरी खोट आहे ती वेगळीच. सोव्हिएत युद्धकैद्यांना जर्मनीने तो करार लागूच केला नाही, आणि त्यांच्यातले सुमारे 33 लाख मेले. उपासमार, थंडी, रोगराई, गोळ्या. युद्धकैदी ते होतेच, पण क्लिंकच्या गमतीशीर छावणीत त्यांच्या या हालांचा मागमूस नाही. आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा.