पुणे–नागपूर: विमान घ्यावे की गाडी?

आमच्याकडे गाडी ठरवायला आलेले ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात. गाड्या भाड्याने देणे हा आमचा धंदा असला तरी उत्तर सरळच देतो: एकटे किंवा दोघेच असाल आणि काम नागपूर शहरातच असेल, तर विमानाने जा.

लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हे हवाई अंतर साधारण 600 किमी आहे. वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिसतो, पण तो फक्त विमानाचा. कोथरूडहून लोहगावला संध्याकाळी सहज एक-सव्वा तास जातो. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे त्याच्याही आधी पोहोचायला हवे. उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आलेच. नागपूरचा विमानतळ शहराला लागून आहे, तेवढी सोय. घर ते घर पाच तास धरा. डिसेंबर-जानेवारीत थोडे जास्तच, कारण उत्तरेतल्या धुक्यात विमान अडकले की पुढच्या फेऱ्याही लांबतात.

गाडीने अंतर साधारण 680 ते 700 किमी, वेळ दहा-अकरा तास. मार्ग अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्ग. गंमत अशी की संभाजीनगरपर्यंतचे सुमारे 235 किमी म्हणजे अंतराचा तिसरा हिस्सा, पण वेळ जवळपास निम्मा खातो. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव इथे गाडी रांगतच जाते. म्हणून आम्ही पहाटे साडेचार-पाचला निघायचा आग्रह धरतो. सात वाजता निघालात की दीड तास गेलाच समजा. शिर्डीमार्गे अंतर वाढते, दर्शन घ्यायचे असेल तरच तिकडून जा.

समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी 120 किमीची मर्यादा आहे. आमचे चालक शंभरच्या आसपास राहतात, घाई करायला सांगू नका. सरळ, मोकळ्या सिमेंटच्या रस्त्यावर डोळा लागतो आणि उन्हाळ्यात टायर तापतात. दर दोन तासांनी गाडी थांबेल, तुम्हाला चहा नको असला तरी. मार्गावर खाण्यापिण्याची ठिकाणे अजून विरळ आहेत, डबा जवळ असलेला बरा. इंधन आम्ही संभाजीनगरलाच भरून घेतो.

गाडी खरी परवडते ती चार-पाच जण असताना. लग्नाचे सामान, आजी-आजोबा, लहान मूल असेल तर विमानातली पंधरा किलोंची मर्यादा लगेच आड येते. मुक्काम कुठे आहे तेही पाहा. वर्ध्याला जायचे असेल तर विमानाने नागपूर गाठून पुन्हा 75 किमी मागे यावे लागते. अमरावतीला तर नागपूरहून दीडशे किमी; विमानाने वाचवलेला बहुतेक वेळ तिथेच संपतो. समृद्धीवरून मात्र दोन्ही ठिकाणी वाटेतच बाहेर पडता येते. मेहकरला उतरलात तर लोणारचे सरोवरही जवळ आहे, फक्त त्या दिवशी नागपूरला पोहोचायची घाई ठेवू नका.

भाडे दोन्हीकडच्या किलोमीटरवर लागते, कारण गाडी रिकामी परत येते. टोल पावतीप्रमाणे वेगळा. रात्री दहानंतर समृद्धीवर आम्ही गाडी चालवत नाही. उशीर झाला तर मुक्काम संभाजीनगर किंवा जालन्यात. बुकिंग करताना माणसे किती, बॅगा किती आणि शेवटचे गाव कोणते एवढे सांगा, म्हणजे कोणती गाडी लागेल ते लगेच सांगता येते.