प्रशासकीय खर्च, आरोग्यसेवेतील

प्रत्यक्ष उपचाराव्यतिरिक्त नोंदणी, हिशेब, देयके, दाव्यांची छाननी, खरेदी, विमाविक्री व व्यवस्थापन यांवर होणारा खर्च. सार्वजनिक आणि खासगी व्यवस्थांच्या तुलनेत ही संज्ञा वारंवार येते. तथापि तिची व्याप्ती अभ्यासकागणिक बदलत असल्याने प्रसिद्ध आकडे सरसकट शेजारी मांडणे धोक्याचे ठरते.

स्टेफी वूलहँडलर, डेव्हिड हिमेलस्टाइन व सहकारी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९९ साली हा खर्च अमेरिकेत एकूण आरोग्यखर्चाच्या ३१ टक्के, तर कॅनडात १६.७ टक्के होता. त्यात विमासंस्थांबरोबर रुग्णालये व डॉक्टरांची कार्यालयेही धरली होती. याउलट मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या अमेरिकी सरकारी योजनेचा सुमारे २ टक्के हा नेहमी सांगितला जाणारा आकडा केवळ निधी देणाऱ्या यंत्रणेपुरता आहे. वृद्धांचा दरडोई उपचारखर्च मोठा असल्याने टक्केवारी आपोआप घटते आणि करवसुलीचा भार अन्य खात्यावर पडतो, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. तरीही रुग्णालयाची बाजू हिशेबात घेणारी पद्धत अधिक ग्राह्य वाटते, कारण अनेक विमाकंपन्यांचे निरनिराळे नियम सांभाळण्याचे काम शेवटी तेथेच साचते.

मुंबईत केईएम, नायर व शीव येथील रुग्णालये महानगरपालिका, तर जे. जे. रुग्णालय राज्य शासन चालवते. पालिका रुग्णालयांत केसपेपर अल्प शुल्कात निघतो. परंतु औषधांची बरीचशी खरेदी पालिकेच्या मध्यवर्ती खरेदी खात्यामार्फत होत असल्याने त्या कामाचा खर्च एकेका रुग्णालयाच्या नावावर टाकणे अवघड जाते. खासगी रुग्णालयांत विमाधारकांसाठी टीपीए (विमाकंपनीच्या वतीने दावे हाताळणारे त्रयस्थ प्रशासक) कक्ष असतो. या त्रयस्थ प्रशासकांसंबंधीचे विनियम २००१ मध्ये आले. २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामकाने रोकडरहित उपचारांच्या मंजुरीस १ तास, तर घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीस ३ तासांची मर्यादा घातली.

२ जुलै २०१२ रोजी मुंबईसह ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे) पूर्वमंजुरी व दाव्यांची पद्धत सरकारी रुग्णालयांतही आणली. तेथे कागदपत्रांची पडताळणी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे रुग्णालयातील मदतनीस, करतात.