दुपारचं ऊन, संध्याकाळची वीज

सौर वीज स्वस्त झाली खरी, पण ती येते तिच्या सवडीने. भर दुपारी पॅनेल जोरात असतात, पण घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवावाच लागतो.

यावरचा एक उपाय आपल्या सह्याद्रीत 2008 पासून चालू आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला कड्याच्या वर एक जलाशय आहे, आणि खाली कोकणात, शहापूरच्या बाजूला दुसरा. मध्ये सुमारे चारशे मीटरची उतरण. गरज असेल तेव्हा पाणी खाली सोडायचं आणि डोंगराच्या पोटातल्या वीजघरात 125 मेगावॉटचे दोन संच फिरवायचे. वीज मुबलक असेल तेव्हा तेच संच उलटे फिरतात, जनित्राची मोटर होते, टर्बाइनचा पंप होतो आणि पाणी पुन्हा वर चढतं. याला उदंचन जलविद्युत म्हणतात.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आलं की साधारण एक युनिट वीज मिळते. म्हणजे दहा हजार लिटरचा अख्खा टँकर कड्यावरून ओतला तरी दहाच युनिट! दोन्ही संच सहा तास चालवायचे तर असे दीड लाख टँकर लागतील. एवढं पाणी साठवायला कडाच हवा.

यात नवी वीज तयार होत नाही, उलट थोडी खर्ची पडते. पाणी चढवायला पाच युनिट घातली तर परत येतात जेमतेम चार. शिवाय हे तंत्र जगभर रुजलं ते रात्रीची शिल्लक औष्णिक आणि अणुवीज जिरवण्यासाठी. कोळशाच्या विजेवर पंप चालवला तर वीज स्वच्छ कशी म्हणायची? पंप दुपारच्या उन्हावर चालला, तरच ही संध्याकाळची वीज धुराविना मिळते.

बॅटरी दोन-चार तासांना उत्तम, पण वापरागणिक झिजते. धरण कित्येक दशकं टिकतं, मात्र जंगल बुडवतं. म्हणून 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झालेले शिरवता (1800 मेगावॉट) आणि भिवपुरी (1000 मेगावॉट) हे प्रकल्प मला बघण्यासारखे वाटतात. त्या भागात टाटांची जुनी धरणं आधीपासूनच आहेत, आणि असलेल्या जलाशयाचा जितका उपयोग होईल तितकं नवं रान कमी बुडेल.